जुन्या मिनीचा खालचा बॉल जॉइंट तुटला : नवा बसवताना शिमची जाडी कशी ठरवावी?

सैलनट

नमस्कार. माझ्याकडे १९७८ सालची मिनी आहे. दहा इंची चाके, पुढे ड्रम ब्रेक आणि रबरी कोनाचे सस्पेन्शन, म्हणजे कारखान्यातून आली तशीच. गेल्या रविवारी गाडी मागे घेत असताना, तीही माणसाच्या चालण्याच्या वेगाने, पुढच्या उजव्या बाजूने कडाड असा एकच आवाज आला आणि स्टिअरिंग हातात एकदम हलके झाले. उतरून पाहिले तर चाकाचा तळ बाहेर फेकला गेला होता आणि वरची कड मडगार्डच्या आत कलली होती. सबफ्रेमखाली, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीखाली, जॅक लावून चाक काढल्यावर दिसले की खालच्या बॉल जॉइंटची पिन गोळ्याला लागून असलेल्या मानेवर तुटली आहे. गोळा हबात, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागात, राहिला आहे आणि पिनचा उरलेला दांडा हबाला सबफ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या आर्ममध्ये घट्ट बसून आहे.

हे दोन्ही जॉइंट दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये नवे बसवून घेतले होते, म्हणून आश्चर्य जास्त वाटते. तेव्हापासून स्टिअरिंग थोडे जड लागत होते आणि वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होत नसत. मी त्याचे खापर टायरांवर फोडत राहिलो. आता हे काम स्वतःच्या हाताने करायचे ठरवले आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नवा जॉइंट इतक्या लवकर कसा तुटला? पिन तुटल्यावर आणखी काय काय तपासावे? आणि नव्या किटमध्ये शिमांचा, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ चकत्यांचा, जो जुडगा आला आहे, त्यातल्या किती आणि कोणत्या लावायच्या, हे कसे ठरवायचे?

वंगणवाला

आपण चालण्याच्या वेगात होतात, हे फार बरे झाले. हमरस्त्यावर हेच घडले असते तर आपण हा धागा काढू शकला नसता.

तुटलेले तुकडे टाकून देऊ नका. दोन्ही तोंडे रॉकेलमध्ये धुऊन, कापडाने न घासता, उन्हात धरून पाहा आणि जसे दिसते तसे इथे लिहा. रंग, रेषा, खडबडीतपणा, सगळे लिहा.

सैलनट

पाहिले. तोंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग काळपट तपकिरी आणि गुळगुळीत आहे आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकाबाहेर एक वक्र रेषा आहेत. त्या सगळ्या पिनच्या एका कडेपासून सुरू होतात. उरलेला एक तृतीयांश भाग करडा, चकाकता आणि फोडलेल्या गुळासारखा दाणेदार आहे.

अर्धाइंच

मग ही पिन रविवारी तुटलेली नाही; रविवारी ती तुटून संपली, एवढेच. काळपट भाग म्हणजे जुनी भेग. ती कडेला सुरू झाली, प्रत्येक वळणाला आणि खड्ड्याला केसाएवढी पुढे सरकली, आणि उघड्या पडलेल्या पोलादाला आत शिरलेल्या पाण्याने गंज चढत गेला. शिंपल्यासारख्या रेषा हा धातूच्या थकव्याचा ठसा आहे. चकाकता दाणेदार भाग तेवढा शेवटच्या क्षणी फाटला. म्हणून चालण्याच्या वेगातही तो तुटला, कारण भार पेलायला पिनचा एक तृतीयांशच शिल्लक होता.

पिन कुठे तुटली यालाही अर्थ असतो. आट्यांच्या मुळाशी तुटली असती, तर मी म्हटले असते की पिनवरचा नट ढिला होता आणि निमुळता दांडा आर्मच्या भोकात हलत होता. आपली पिन गोळ्याच्या मानेवर तुटली आहे. बॉल जॉइंटमध्ये गोळा वाटीत फिरायचा असतो. वाटीने त्याला आवळून धरले, तर जी हालचाल गोळ्याने करायची ती पिनला वाकून करावी लागते आणि सगळा वाक मानेवर येतो, कारण गोळा आणि आर्म यांच्यामध्ये तिथेच जाडी सर्वांत कमी असते. दोन वर्षे हजारो वेळा इकडून तिकडे वाकल्यावर भेग पडणारच. जड स्टिअरिंग आणि वळणानंतर सरळ न येणारी चाके हे तेच दुखणे होते. माझ्या मते आपला जॉइंट बसवतानाच अति घट्ट बसवला गेला. कारण जवळजवळ नक्की सांगता येते : शिम मोजून लावल्या नाहीत.

बाकी तपासणीबद्दल. तळ बाहेर फेकला गेला, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट बाहेर ओढला गेला आणि ब्रेकची रबरी नळी ताणली गेली. नळी बदला, तिच्यावर ओरखडा दिसत नसला तरी, कारण आतला थर फाटल्याचे बाहेरून कळत नाही. ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या टोकाच्या जॉइंटचे बूट, म्हणजे रबरी आवरण, निसटले आहे का आणि ड्राइव्हशाफ्ट हाताने आत-बाहेर सरकवताना अडखळतो का, तेही पाहा. खालच्या आर्मपासून सबफ्रेमच्या पुढच्या टोकाकडे जाणारा टाय-रॉड सरळ आहे का, हे त्याच्याशेजारी पट्टी धरून पाहा. आणि आर्मचे भोक : त्यात नव्या पिनचा निमुळता दांडा मार्करची शाई लावून दाबून पाहा. शाई चोहोबाजूंनी सारखी पुसली गेली तर भोक चांगले आहे. एकाच कडेला पुसली गेली तर ते लंबगोल झाले आहे आणि आर्म बदलावा लागेल.

घासपट्टी

सुटे करण्याविषयी माझा अनुभव असा, की एकाच वेळी दोन्ही जॉइंट सोडू नयेत. गोळ्याला हबात झाकून धरणारा घुमटी नट दीड इंची षटकोनाचा असतो आणि वर्षानुवर्षे हललेला नसतो. हब लोंबकळत असेल, तर त्यावर जोर लावता येत नाही. पिन तुटली असली तरी आपला वरचा जॉइंट शाबूत आहे, तेव्हा हब वरच्या आर्मला जोडलेला ठेवूनच खालचा नट सोडा. नंतर खालचा नवा जॉइंट आर्मला जोडून हब स्थिर करा आणि मग वरचा सोडा. स्टिअरिंगचा टाय-रॉड एंड मात्र आधीच काढलेला बरा, नाहीतर हब मध्येच वळत राहतो.

सॉकेटबद्दल एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. घुमटी नटाचा षटकोन उंचीला फार बुटका असतो, आणि बहुतेक सॉकेटच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो. त्या उतारामुळे सॉकेटची पकड जेमतेम अर्ध्या षटकोनावर येते, जोर लावला की ते उडते आणि नटाच्या कडा गोल होतात. मी खोल सॉकेट घेऊन त्याचे तोंड ग्राइंडरवर सपाट करून घेतले. त्यानंतर एकदाही घसरले नाही. नट फिरू नये म्हणून त्याच्याखाली जो टॅब वॉशर असतो, त्याच्या दुमडलेल्या कडा छिन्नीने आधी पूर्ण सपाट करा. वेडावाकडा उरलेला एक टॅबसुद्धा सॉकेट तिरके बसवायला पुरेसा होतो.

पिन आर्ममधून काढायला मी लिव्हरचा स्प्लिटर, म्हणजे पिन भोकातून दाबून सोडवणारे अवजार, वापरतो. तो नसेल तर नट दोन-तीन आटे राखून सैल करायचा, आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या हातोड्याने सणसणीत घाव घालायचा. नट पूर्ण काढू नका. निमुळता दांडा सुटतो तेव्हा इशारा देत नाही. दुबेळकी काट्याने पिन निघते, पण नव्या जॉइंटचे बूट फाटते, म्हणून तो काटा फक्त टाकून द्यायच्या जॉइंटवर चालतो.

छन्नीहातोडा

गाडी जॅकवर घेण्याआधी, वरच्या आर्मखाली सबफ्रेमवर जे रबराचे थांबे असते ते काढून त्या जागी त्याच्याहून थोडा जाड लाकडी किंवा लोखंडी ठोकळा घाला. चाक लटकले की आर्म रबराऐवजी ठोकळ्यावर टेकतो आणि नेहमीच्या उंचीजवळ राहतो. त्यामुळे रबरी कोनाचा दाब ठोकळा घेतो आणि नवी पिन वरच्या भोकात घालताना कोनाशी कुस्ती खेळावी लागत नाही. तुमची गाडी आता एका बाजूने बसली आहे, तेव्हा एकदा थोडी उचलून ठोकळा घालून घ्या.

काम संपल्यावर ठोकळा काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि दोन दिवस गाडी बैलगाडीसारखी का उसळते याचा विचार करत बसलो.

सैलनट

आभार. ठोकळा घातला, खालचा घुमटी नट निघाला, नंतर वरचाही निघाला. वरच्या जॉइंटमध्ये काय होते ते सांगतो : टॅब वॉशर आणि तीन थाउची (थाउ म्हणजे इंचाचा एक हजारावा भाग) एकच शिम. खालच्यात पाच थाउची एक. वरचा गोळा हाताने हलतच नव्हता. पिनला नळी लावून लांब टेकू घेतला, तेव्हा कुरकुरत हलला. म्हणजे अर्धाइंच यांचे निदान बरोबर असावे.

आता नवे भाग समोर मांडले आहेत. किटच्या कागदावर चित्र आहे, पण कृती नाही.

अर्धाइंच

हा भाग समजला की बाकी सगळे नट-बोल्टचे काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हबात तळाला वाटी बसते, वाटीत गोळा बसतो आणि वरून घुमटी नट गोळ्याला झाकतो. नट जितका खाली जाईल तितका गोळा आवळला जाईल. नट किती खाली जाणार, हे नटाच्या कडेखाली आणि हबाच्या तोंडावर जे काही आहे ते ठरवते, आणि तिथे दोनच गोष्टी असतात : टॅब वॉशर आणि शिम. एक थाउ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. इतक्या बारीक फरकावर जॉइंट कडक की सैल हे ठरते. म्हणूनच प्रत्येक हबासाठी आणि प्रत्येक किटसाठी मोजणी वेगळी करावी लागते. जुन्या जॉइंटमध्ये होत्या तेवढ्याच शिम नव्यात घालणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणे.

आता कृती. आधी हबातला खळगा आणि आटे गंज-ग्रीस काढून स्वच्छ करा, कारण वाटीखाली मातीचा एक कण राहिला तरी माप चुकते. मग वाटी, गोळा आणि घुमटी नट बसवा, पण टॅब वॉशर नाही, शिम नाही, आणि खालच्या जॉइंटमध्ये वाटीखाली जी स्प्रिंग असते तीही या वेळी नाही. पिन हाताने सगळ्या बाजूंना फिरवत राहा आणि नट हलकेच आवळत जा. गोळ्याची ढिलाई संपली आणि पिनला नुकताच अडथळा जाणवू लागला की थांबा. आता नटाच्या कडेखाली फीलर गेज, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या, घालून फट मोजा, तीही तीन ठिकाणी, कारण नट किंचित तिरका असेल तर एका जागेचे माप फसवते.

ही फट अमुक आली असे समजा. तिच्यातून टॅब वॉशरची जाडी वजा करायची. मूळ वॉशर ३६ थाउचा, म्हणजे ०.९१ मिलिमीटरचा असतो, पण तुमच्या किटमधला तेवढाच आहे असे गृहीत धरू नका. मायक्रोमीटर किंवा व्हर्नियरने मोजा. जी बाकी उरेल तेवढी शिम घातली तर गोळ्यावर दाब शून्य येतो. त्याहून जास्तीत जास्त तीन थाउ कमी शिम घातल्या तर गोळ्यावर हलका दाब राहतो. शून्य ते तीन थाउ दाब ही मर्यादा आहे.

नवशिका

म्हणजे जॉइंट सैल वाटला तर आणखी एक शिम वाढवायची, बरोबर? वॉशरही धरून फटीत मिळवायचा की वजा करायचा, यातही माझा गोंधळ होतो आहे.

अर्धाइंच

नाही, उलट. शिम म्हणजे नटाला खाली जाण्यापासून अडवणारा ठोकळा आहे. शिम वाढवली की नट वर राहतो आणि जॉइंट सैल होतो. कमी केली की नट खाली जातो आणि जॉइंट आवळतो. आणि वॉशर फटीतली जागा खातो, म्हणून वजाच करायचा. हा उलटा हिशेब खूप जणांच्या डोक्यात असतो, आणि सैलनट यांच्या पिनच्या बाबतीत बहुधा त्याचाच परिणाम झाला.

लोहारखुंट

एवढी यातायात कशाला? आधीच जुळवून सीलबंद केलेले जॉइंट मिळतात. हबात घट्ट करायचे आणि मोकळे व्हायचे. मी दोन्ही बाजूंना तेच लावले आहेत आणि मला काही त्रास नाही.

घासपट्टी

मी तेही वापरून पाहिले. रस्त्यावर वापरायच्या गाडीला ते चालतात, यात वाद नाही. पण त्यांत ढिलाई आली की पूर्ण जॉइंट टाकून द्यावा लागतो, उलट शिमवाल्या जॉइंटमध्ये एक पातळ शिम काढून तो पुन्हा जुळवता येतो. काही सीलबंद जॉइंटना ग्रीसचे निप्पलही नसते. ज्याला हबाला वर्षातून एकदा हात लावायची हौस नाही, त्याने सीलबंद घ्यावा. इथे मात्र प्रश्न विचारणाऱ्याकडे शिमचे किट आधीच आहे.

मोजणीआधी एक काम मी नेहमी करतो. नव्या गोळ्याच्या आणि वाटीच्या पृष्ठभागावर यंत्राच्या खुणा राहिलेल्या असतात. गोळ्याला बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून तो वाटीत आणि घुमटी नटात हाताने फिरवून घासून घेतला, की दोन्हीवर सलग करडा पट्टा दिसतो. मग पेस्टचा शेवटचा कण जाईपर्यंत धुवायचे, कारण उरलेली पेस्ट पुढेही घासतच राहते. हे मोजणीआधीच करायचे. घासल्याने गोळा थोडा खोल बसतो आणि फट कमी होते. मोजणीनंतर घासले तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

सैलनट

दोन्ही जॉइंट झाले. आकडे मांडतो, कोणी तपासून द्यावेत. वॉशर व्हर्नियरवर ३६ थाउच आला. खालच्या जॉइंटची फट घासल्यानंतर तीन ठिकाणी ५२, ५२ आणि ५१ आली, ती ५२ धरली. ५२ वजा ३६, उरले १६. दहा आणि पाचच्या शिम लावल्या, म्हणजे १५, दाब एक थाउ. वरच्या जॉइंटची फट ४५ आली. ४५ वजा ३६, उरले ९. पाच आणि तीनच्या शिम लावल्या, पुन्हा दाब एक थाउ.

कुतूहल म्हणून वरचा जुना गोळा, वाटी आणि नटही त्याच पद्धतीने मोजले. त्यांची फट ४४ थाउ आली, आणि त्या गॅरेजने घातले होते ३६ अधिक ३, म्हणजे ३९. दोन वर्षे झिजूनही त्या जॉइंटवर पाच थाउचा दाब होता. नवा असताना किती असेल, कोण जाणे. खालचा गोळा मोडलेला असल्यामुळे त्याचे माप घेता आले नाही.

अर्धाइंच

हिशेब बरोबर आहे. ५१ आलेल्या जागी दाब शून्यावर येतो, तोही मर्यादेतच आहे.

आता खालच्यात स्प्रिंग परत घाला. वरच्यात ती घालायची नसते, तिथे गाडीचे वजनच गोळ्याला वाटीत दाबून ठेवते. घुमटी नटाला सुमारे ७० ते ७५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्क द्या आणि टॉर्क दिल्यावर पिन पुन्हा हाताने हलवून पाहा. ती बोटांनी ढकलल्यावर सगळीकडे सारख्या ओढीने सरकली पाहिजे आणि सोडल्यावर आहे तिथेच थांबली पाहिजे. स्वतःच्या वजनाने पडत असेल तर सैल आहे. हलवायला फार जोर लागत असेल तर एक पातळ शिम वाढवा. पिन समाधानकारक हलल्याशिवाय टॅब दुमडू नका, नाहीतर तेच वॉशर पुन्हा सरळ करत बसावे लागेल, आणि दोनदा दुमडलेला टॅब तुटतो.

छन्नीहातोडा

पिनचे निमुळते दांडे आर्ममध्ये घालताना पूर्ण कोरडे ठेवा. तिथे ग्रीस लावणारे लोक मी पाहिले आहेत. तिथली पकड घर्षणावर चालते, वंगणावर नाही. नट आवळताना पिन स्वतःभोवती फिरू लागली, तर खाली आर्मखाली जॅक लावून तो किंचित वर दाबा आणि वरच्यासाठी हबाखाली दाबा. दांडा भोकात रुतला की नट मुकाट्याने आवळतो. पिनच्या नटाला ३८ फूट-पाउंड, म्हणजे ५२ न्यूटन-मीटर. नट नवेच वापरा.

वंगणवाला

ग्रीस देण्याची वेळ महत्त्वाची आहे. गाडी चाकांवर उभी असताना वरच्या जॉइंटचा गोळा वाटीत दाबलेला असतो आणि ग्रीस त्याखाली शिरत नाही. चाक उचलून, वरचा आर्म त्याच्या थांब्यावर टेकलेला असताना ग्रीस गन लावा, आणि बूट जरा फुगले की थांबा. बूट फुटेपर्यंत गन दाबणे हा उत्साह आहे, देखभाल नव्हे.

चाकांचा कोनही एकदा तपासून घ्या. मिनीची पुढची चाके समोर किंचित उघडी असावी लागतात, दोन्हींत मिळून एक सोळांश इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर, कारण पुढच्या चाकांना इंजिनची ओढ लागली की ती आत वळू पाहतात. आपण दोन्ही पिना आणि टाय-रॉड एंड हलवले आहेत, तेव्हा हे माप जागेवर राहिले असेलच असे नाही.

सैलनट

तीन आठवडे गाडी चालवून पुन्हा लिहितो आहे. ब्रेकची नळी बदलली. ड्राइव्हशाफ्ट, टाय-रॉड आणि आर्मचे भोक ठीक निघाले. शाई चोहोबाजूंनी सारखी पुसली गेली. चाकांचे माप एक अष्टमांश इंच झाले होते, ते एक सोळांश केले. स्टिअरिंग आता एका हाताने वळते, आणि वळण संपल्यावर हात सैल केला की चाके आपली आपण सरळ येतात, जे मी दोन वर्षे विसरून गेलो होतो.

काल पुन्हा चाक उचलून वर आणि खाली धरून हलवले, तर थोडी ढिलाई जाणवली आणि छातीत धस्स झाले. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितले तेव्हा ती नाहीशी झाली, म्हणजे ती चाकाच्या बेअरिंगची आहे, जॉइंटची नाही. तो वेगळा धागा होईल.

डावी बाजू त्याच गॅरेजने त्याच दिवशी केली होती, म्हणून तीही उघडली. पिना तुटलेल्या नाहीत, पण खालच्या पिनच्या मानेवर भिंगातून एक काळी रेघ दिसते, नखाला लागते. दोन्ही पिना फेकण्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. खालची नवी फट ४७ थाउ आली. ४७ वजा ३६, उरले ११, दहाची एक शिम घालतो. वरचा घुमटी नट अजून हललेला नाही. सॉकेट घासून सपाट केले आहे, भेदक तेल टाकून ठेवले आहे, आणि उद्या सकाळी लांब दांडी घेऊन पुन्हा बसतो.

घासपट्टी

दांडीवर उभे राहू नका. एक हात हबावर, एक दांडीवर, आणि झटका खाली नव्हे, आडवा.